वसतिगृहाच्या गच्चीवर मधपेटी: नव्या मधपाळांसाठी पहिल्या वर्षाचे मार्गदर्शन

शहरात मधमाश्या जगतात का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. पॅरिसच्या जुन्या ऑपेरा इमारतीच्या छपरावर १९८०च्या दशकापासून मधपेट्या आहेत, आणि न्यूयॉर्क शहराने मधमाशीपालनावरील बंदी २०१० साली उठवली. रस्त्याकडेची झाडे, उद्याने, रेल्वेमार्गालगतची झुडपे आणि लोकांच्या गॅलऱ्यांतील कुंड्या यांतून माश्यांना मकरंद आणि पराग मिळत राहतो. विद्यार्थी वसतिगृहात पेटी ठेवताना येणारी अडचण वेगळीच असते. तेथे राहणारी माणसे दरवर्षी बदलतात, ऐन हंगामात परीक्षेला बसतात आणि सुट्टी लागताच सामान बांधून निघून जातात. वसाहत मात्र जागेवरच राहते. वसतिगृहांतील ज्या पेट्या बिघडलेल्या मी पाहिल्या, त्यांतील बहुतेकींच्या बाबतीत माश्यांविषयीचे अज्ञान हे कारण नव्हते, तर पेटीकडे बघायला त्या आठवड्यात कोणीच नव्हते. त्यांतील एक पेटी माझी होती आणि तिची हकिगत पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. ‘मधमाश्या वाचवणे’ एवढाच हेतू असेल, तर पेटी आणण्यापेक्षा आवारात वर्षभर आलटून पालटून फुलणारी झाडे लावावीत आणि फवारणी थांबवावी. पेटीतील मधमाशी हा पाळीव जीव आहे. एकाच ठिकाणी फार पेट्या आल्या, की त्याच फुलांवर जगणाऱ्या रानटी माश्यांच्या तोंडचा घास कमी होतो. पेटी ठेवावी ती शिकण्यासाठी, एका सजीव वसाहतीची नीट देखभाल करण्यासाठी आणि जमल्यास थोड्या मधासाठी. वसतिगृहाला दोन पेट्या पुरेशा आहेत.

पहिली पायरी: वेळापत्रक आणि माणसे

एका कागदावर शैक्षणिक वर्षाचे बारा महिने मांडावेत आणि त्यांत परीक्षा, सुट्ट्या व खोल्या रिकाम्या करण्याची तारीख लिहावी. त्याखाली आपल्या भागातील माश्यांचे वर्ष मांडावे: मोठा फुलोरा कधी सुरू होतो, थवे (म्हणजे जुन्या राणीसह वसाहत सोडून निघणारे माश्यांचे घोळके) कधी सुटतात, मकरंदाची टंचाई कधी असते. ही दुसरी ओळ जवळपासच्या अनुभवी मधपाळाला विचारूनच भरावी, कारण दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेल्या पुस्तकातील महिने आपल्याकडे जुळतीलच असे नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या, की जेथे परीक्षा किंवा सुट्टी आणि थव्यांचा काळ एकत्र येतात ते आठवडे आपोआप दिसतात. त्या आठवड्यांत पेटी कोण उघडणार, याचे नाव लिहिता येत नसेल तर पुढच्या पायरीकडे जाऊ नये.

गट किमान चौघांचा असावा आणि त्यांतील निदान दोघे पुढील वर्षीही त्याच वसतिगृहात राहणारे असावेत. याखेरीज ज्याचे वास्तव्य वर्गांच्या निकालावर अवलंबून नाही अशी एक व्यक्ती, म्हणजे आवारात राहणारा कर्मचारी किंवा शिक्षक, गटात असणे फार उपयोगी पडते. पहिल्या उत्साहात वीस नावे येतात. त्यांतील कोणाला दंशाची भीती वाटते, कोणाला बूट घालून गच्चीवर चढण्याचा कंटाळा येतो, आणि दुसऱ्या महिन्यानंतर चारच उरतात. हे चौघे कोण, हे आधी कळावे म्हणून पेटी आणण्यापूर्वी सर्वांनी एखाद्या मधपाळाबरोबर तीन-चार वेळा पाहणीला जावे. उघड्या पेटीसमोर अर्धा तास उभे राहिल्यावर माणसाला स्वतःविषयी जे समजते, ते व्याख्यान ऐकून समजत नाही.

माझे स्वतःचे मत असे आहे, की पहिल्या वर्षी पेटी विकत घेऊच नये. एखाद्या मधपाळाला त्याची पेटी आपल्या गच्चीवर ठेवण्याची विनंती करावी, देखभाल त्याने करावी, आणि प्रत्येक पाहणीला गटातील दोघांनी हजर राहून हात चालवावेत. मालकी त्याची, मधही बहुतांशी त्याचा. आपल्याला मिळते ती एका वर्षाची उमेदवारी. सुट्टीचा प्रश्नही त्यामुळे सुटतो. ज्यांना हे जमणार नाही किंवा पटणार नाही, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या आहेत.

दुसरी पायरी: परवानगी

परवानगी तोंडी घेऊ नये. आज होकार देणारे वसतिगृहप्रमुख उद्या बदलतात आणि नवे प्रमुख गच्चीवरील पेटीकडे आश्चर्याने पाहतात. अर्जात पेट्यांची संख्या, जागेचा आराखडा, जबाबदार व्यक्तींची नावे, सुट्टीतील व्यवस्था, दंश झाल्यास करावयाची कृती आणि प्रकल्प बंद करावा लागल्यास पेटी कोण नेणार, एवढे मुद्दे असावेत. यांतील शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि व्यवस्थापनाला नेमकी त्याचीच काळजी असते. मधपेट्यांची नोंदणी, त्यांची कमाल संख्या आणि शेजारच्या हद्दीपासूनचे अंतर यांविषयी अनेक शहरांत नियम आहेत. ते नगर प्रशासनाकडून आणि पशुसंवर्धन किंवा कृषी खात्याकडून माहीत करून घ्यावेत. इमारतीच्या विम्यात अशा उपक्रमाचा समावेश होतो का, हेही विचारावे.

त्यानंतर वसतिगृहातील रहिवाशांशी बोलावे. कोणाला मधमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी आहे का, हे खाजगीत आणि आदराने विचारावे. अशी व्यक्ती असल्यास तिच्या खिडकीपासून आणि वाटेपासून पेटी दूर ठेवावी, आणि तसे करणे शक्य नसेल तर तेथे पेटी ठेवू नये. आवारात औषध फवारणारे कंत्राटदार, माळी आणि सफाई कर्मचारी यांना या बोलण्यातून वगळू नये. फुलांवर भर दुपारी झालेली एक फवारणी कामकरी माश्यांचा सडा पाडू शकते. फवारणी टाळता येत नसेल तर ती माश्या परतल्यानंतर संध्याकाळी व्हावी आणि आपल्याला आदल्या दिवशी कळवावी, एवढी लेखी समजूत करून घ्यावी.

तिसरी पायरी: जागा

गच्ची सोयीची वाटते, कारण तेथे वर्दळ कमी असते. पण गच्चीबाबत तीन गोष्टी तपासाव्या लागतात: वजन, वारा आणि जिना. मधाने भरलेला दहा फ्रेमचा (फ्रेम म्हणजे पोळे धरणारी, उचलता येणारी चौकट) एक खोल कप्पा ३५ ते ४० किलोंचा होतो आणि हंगामात दोन-तीन कप्प्यांची पेटी १०० किलोंच्या घरात जाऊ शकते. छपराची भारक्षमता इमारतीच्या अभियंत्याकडून विचारून घ्यावी आणि पेटी छपराच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या आधाराजवळ ठेवावी. वाऱ्यासाठी पेटीभोवती पट्टा आवळून तो स्टँडला बांधावा. झाकणावर ठेवलेला दगड उंच इमारतीवर पुरेसा नसतो आणि तो खाली पडला तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. जिन्याचे म्हणाल तर शिडी चढून, झडपेतून वर जावे लागत असेल अशी गच्ची सोडूनच द्यावी. भरलेला मधाचा कप्पा घेऊन, डोक्यावर जाळीचा बुरखा घालून शिडीवरून उतरणे हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा कागद आहे.

पेटीचे दार कोणत्या दिशेला असावे, याविषयी पुस्तकांत सकाळच्या उन्हाचा आग्रह असतो आणि तो योग्यही आहे. वसतिगृहात मात्र आधी माणसांच्या वाटा पाहाव्यात. माश्या दारातून निघाल्या की तिरकस चढत जातात, आणि पहिल्या काही मीटरांत त्यांची वाट माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असते. दारासमोर एक-दोन मीटरांवर दोन मीटर उंचीचा आडोसा उभारला, मग तो जाळीचा असो वा वेलीचा, की माश्यांना लगेच वर चढावे लागते आणि पलीकडून चालणाऱ्यांना त्या जाणवतही नाहीत. रात्री जळणारा दिवा पेटीच्या जवळ किंवा दारासमोर नसावा.

आता कपड्यांविषयी. माश्या पेटीत घाण करीत नाहीत; पाऊस किंवा थंडी यांमुळे दोन-चार दिवस कोंडून राहिल्या, की पहिल्या उघडिपीत बाहेर पडून उडता उडता विष्ठा टाकतात. तिचे मोहरीच्या रंगाचे लांबट ठिपके पडतात आणि ते धुतल्यावरही सहज जात नाहीत. वसतिगृहात अशाच उघडिपीच्या दिवशी सगळ्यांचे साठलेले कपडे दोरीवर येतात. आमच्याकडे दंशाची तक्रार वर्षभरात एकच आली, पांढऱ्या शर्टांच्या तक्रारी अकरा आल्या. पेटीचे दार वाळवणाच्या दोऱ्यांकडे कधीही नसावे.

पाण्याची सोय पेटी येण्याच्या आदल्या दिवशी करावी. एकदा माश्यांनी गळका नळ किंवा वातानुकूलन यंत्राची ठिबकणारी नळी पाण्यासाठी निवडली, की त्यांना तेथून हलवणे फार अवघड जाते. उथळ ताटलीत गोटे किंवा बुचे टाकून माश्यांना बसायला जागा करावी, ताटली उन्हात ठेवावी आणि ती एक दिवसही कोरडी पडू देऊ नये. पाणी थोडे शेवाळलेले असले तरी चालते. स्वच्छ नळाच्या पाण्यापेक्षा माश्यांना वास असलेले पाणी लवकर सापडते.

चौथी पायरी: पेटी आणि साधने

आजची उचलता येणाऱ्या फ्रेमची पेटी एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. माश्या ६ ते ९ मिलिमीटरांची फट येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात; त्याहून लहान फट त्या डिंकासारख्या चिकट पदार्थाने बुजवतात आणि मोठ्या फटीत पोळे बांधतात. अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१मध्ये हे हेरून फ्रेमभोवती तेवढेच अंतर राखणारी पेटी तयार केली. म्हणून वेगवेगळ्या मापांचे भाग एकत्र करू नयेत आणि ‘एक फ्रेम नंतर घालू’ असे म्हणून मोकळी जागा सोडू नये. आठवड्याभरात तेथे वेडेवाकडे पोळे तयार होते आणि फ्रेम उचलताना ते फाटून माश्या चिरडतात.

साधनांची यादी छोटी आहे: बुरख्यासह अंगरखा, हातमोजे, घोट्यांवरून वर जाणारे बूट, स्मोकर (माश्यांना शांत करण्यासाठी धूर सोडणारे भांडे), फ्रेम सोडवण्याची पोलादी पट्टी आणि मऊ ब्रश. अंगरखे किमान तीन हवेत, कारण पाहायला येणारा कोणी ना कोणी असतोच. स्मोकर पेटवायचा तो गच्चीवर, जिन्यात नव्हे. जिन्यातील धूरसूचक यंत्र वाजून चार मजले रिकामे होणे, हा मधमाशीपालनाचा चांगला परिचय नाही. काम संपल्यावर स्मोकरच्या तोंडात हिरवे गवत कोंबून तो झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत ठेवावा आणि पूर्ण थंड झाल्यावरच खाली न्यावा.

पाचवी पायरी: वसाहत आणणे

पेटीत पाळता येणाऱ्या मुख्य जाती दोन. सातेरी ही लहान अंगाची. तिची वसाहत आटोपशीर असते, पण वारंवार त्रास झाला किंवा अन्न संपले तर ती पेटी सोडून निघून जाते. युरोपीय माशीची वसाहत हंगामात ५० ते ६० हजारांपर्यंत वाढते, ती मधही अधिक साठवते, पण तिला जागा, लक्ष आणि माश्यांवर जगणाऱ्या व्हरोआ या परजीवी कोळ्यापासून संरक्षण हवे असते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, ती पेटीत राहत नाही. या निवडीत स्थानिक मधपाळाचा सल्ला अंतिम मानावा. जी जात त्या भागात नांदते आहे आणि जिच्या स्वभावाची खात्री तो देऊ शकतो, तीच घ्यावी. वसतिगृहात मधाच्या उताऱ्यापेक्षा शांत स्वभावाला अधिक किंमत आहे.

चार-पाच फ्रेमची छोटी वसाहत, तीही फुलोऱ्याच्या आरंभी, नवशिक्यासाठी सर्वांत चांगली. ती घेताना अंडी, अळ्या आणि मेणाने बंद केलेली घरे या तिन्ही अवस्था पोळ्यावर दिसल्या पाहिजेत. शक्य असल्यास दोन वसाहती घ्याव्यात, कारण एका पेटीत काहीतरी बिघडले आहे हे दुसरी शेजारी असल्याशिवाय नवशिक्याला कळत नाही, आणि राणी गेली तर दुसऱ्या पेटीतून अंड्यांची एक फ्रेम देऊन वसाहत सावरता येते.

पेटी संध्याकाळी आणावी, ठरलेल्या जागी ठेवावी, अर्धा तास स्थिर होऊ द्यावी आणि मग दार उघडावे. त्यानंतर तिची जागा बदलू नये. माश्या जागा पक्की लक्षात ठेवतात. पेटी वीस पावले सरकवली तर बाहेरून परतलेल्या माश्या जुन्या जागीच घुटमळत राहतात. मधपाळांचा संकेत असा, की पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत किंवा तीन मैलांच्या पलीकडे. इमारतीची रंगरंगोटी, गळतीची दुरुस्ती अशी कामे पुढील वर्षभरात ठरली आहेत का, हे म्हणूनच आधी विचारून घ्यावे.

सहावी पायरी: पाहणी

पाहणीसाठी वारा नसलेली, उन्हाची दुपार निवडावी. त्या वेळी वयस्क माश्या बाहेर असतात आणि पेटीत गर्दी कमी असते. एकट्याने पेटी कधीही उघडू नये. एकाने फ्रेम हाताळाव्यात, दुसऱ्याने स्मोकर सांभाळावा आणि नोंदी घ्याव्यात. दाराशी धुराचे दोन-तीन हलके झोत द्यावेत आणि मिनिटभर थांबावे. धुरामुळे दंशाच्या वेळी सुटणारा धोक्याचा गंध दबतो आणि माश्या मध पिऊन घेण्यात गुंततात. पांढरा, गार धूर योग्य. हाताला चटका देणारा धूर माश्यांनाही चटकाच देतो.

झाकण काढल्यावर कडेची फ्रेम आधी उचलून बाजूला ठेवावी, म्हणजे उरलेल्या फ्रेम आडव्या सरकवून सोडवता येतात आणि राणी दोन पोळ्यांत घासली जात नाही. फ्रेम नेहमी पेटीच्या वरच धरावी, कारण राणी पडलीच तर पेटीत पडावी. सूर्य पाठीशी घेऊन फ्रेम थोडी तिरपी केली, की ऊन खांद्यावरून घरांच्या तळापर्यंत पोहोचते आणि मग अंडी दिसू लागतात: प्रत्येक घराच्या तळाशी चिकटलेला, जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा पांढरा तुकडा. ती पहिल्या खेपेस दिसत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या पाहणीत अचानक एक दिसते आणि मग सगळे पोळे अंड्यांनी भरलेले आहे हे ध्यानात येते.

राणी शोधण्यात वेळ घालवू नये. अंडे तीन दिवसांनी फुटते, म्हणजे अंडी दिसत असतील तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी पेटीत होती, आणि बहुतेक वेळा एवढी खात्री पुरेशी असते. त्याशिवाय पाहायचे ते असे: अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या आणि ओलसर आहेत का, बंद घरांची झाकणे सलग व किंचित फुगीर आहेत का, मध आणि पराग निदान दोन-तीन फ्रेमवर आहे का, राणीला अंडी घालायला जागा शिल्लक आहे का, आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची घरे (नवी राणी वाढवण्यासाठी माश्यांनी बांधलेली मोठी घरे) तर लोंबत नाहीत ना. एका घरात अनेक अंडी, तीही तळाशी न राहता भिंतींना चिकटलेली, दिसली तर राणी नाहीशी होऊन कामकरी माश्याच अंडी घालू लागल्याचा संभव असतो; तेव्हा अनुभवी माणसाला बोलवावे. सगळी पाहणी पंधरा-वीस मिनिटांत आटपावी. पिल्लांच्या भागाचे तापमान माश्या ३४ ते ३५ अंश सेल्सिअस राखतात, आणि आपण पेटी उघडी ठेवून गप्पा मारतो तेव्हा ती मेहनत वाया जाते.

नोंदवहीत तारीख, हवामान, अंडी दिसली की नाही, राणीची घरे, अन्नाच्या फ्रेम, माश्यांचा स्वभाव आणि पुढील पाहणीची तारीख लिहावी. ‘सर्व ठीक’ असे लिहू नये. पुढच्या आठवड्यात वही वाचणारा माणूस दुसराच असतो आणि त्याला त्यातून काहीही कळत नाही.

सातवी पायरी: थवा सुटण्याआधी आणि नंतर

वसाहत भरभराटीला आली, की ती स्वतःचे विभाजन करते: जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन निघते आणि मागे नव्या राणीची घरे ठेवते. राणीच्या घरात घातलेल्या अंड्याचे घर सुमारे आठव्या दिवशी मेणाने बंद होते आणि थवा साधारण त्याच सुमारास सुटतो. म्हणूनच फुलोऱ्यात दर सात-आठ दिवसांनी पेटी पाहावी लागते. हा आकडा कोणाच्या सोयीने ठरलेला नाही.

आमच्या पहिल्या वर्षी परीक्षेमुळे पेटी अठरा दिवस उघडली गेली नाही. प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने पाहिली असेल, आणि त्या काळात वहीही कोणी उघडली नाही. शेवटच्या पेपरच्या दुपारी सायकलींच्या रांगेत, एका सायकलच्या सीटखाली, हाताच्या कोपराएवढा लांब तपकिरी घोस लोंबत होता आणि तिचा मालक वीस पावलांवर प्रश्नपत्रिका हातात घेऊन उभा होता. त्याची गाडी चुकली. अठरा दिवसांत आठ दिवसांची मुदत दोनदा उलटून गेली होती, त्यामुळे दोष माश्यांना देण्यास जागा नव्हती.

लोंबणारा थवा दिसायला भयंकर असला तरी सहसा शांत असतो, कारण त्याच्याजवळ राखण्यासारखे घर नसते आणि माश्यांची पोटे मधाने भरलेली असतात. लोकांना सहा-सात मीटर दूर ठेवावे, पाणी किंवा औषध मारण्यास निघालेल्यांना थांबवावे, पुठ्ठ्याचा खोका घोसाखाली धरून एक जोरदार झटका द्यावा आणि खोका चादरीवर उपडा ठेवून एका कडेखाली दगड सरकवावा. राणी आत गेली असेल तर काही माश्या फटीशी पोट वर करून पंख फडफडवू लागतात आणि उरलेल्या माश्या त्या गंधावर आत चालत जातात. अंधार पडेपर्यंत खोका तसाच ठेवावा, मग चादरीत बांधून रिकाम्या पेटीत न्यावा. ती रिकामी पेटी हंगामापूर्वीच तयार असली पाहिजे.

याहून शहाणपणाचे म्हणजे थव्याची वेळ येऊ न देणे. राणीला जागा मिळावी म्हणून वेळेवर कप्पा चढवावा, आणि तरीही राणीची घरे दिसलीच तर ती चिरडत बसण्याऐवजी विभाजन आपणच करावे. जुन्या राणीला, ती बसलेल्या फ्रेमसह, एक-दोन पिल्लांच्या आणि एक मधाच्या फ्रेमबरोबर छोट्या पेटीत हलवावे; मूळ पेटीत राणीचे एकच चांगले घर, किंवा फार तर दोन, ठेवून बाकीची काढावीत. आठवड्याने नवी घरे बांधली गेली नाहीत ना, एवढे पाहावे आणि त्यानंतर सुमारे तीन आठवडे त्या पेटीला हात लावू नये. नवी राणी जन्मणे, बाहेर जाऊन मीलन करणे आणि अंडी घालू लागणे यांना तेवढा वेळ लागतोच.

ऊन असलेल्या दुपारी पेटीसमोर पंधरा-वीस मिनिटे शेकडो माश्या दाराकडे तोंड करून हेलकावे घेताना दिसतात. तो थवा नव्हे. तरुण माश्या आपल्या घराची जागा लक्षात ठेवत असतात. ही माहिती सूचनाफलकावर लावल्यापासून आम्हाला रात्री-अपरात्री येणारे निरोप निम्म्याने कमी झाले.

आठवी पायरी: दंश आणि आजार

दंश होणारच, हे गृहीत धरावे. काटा कातडीत राहिला की त्याची विषाची पिशवी काही क्षण विष सोडत राहते, म्हणून तो नखाने, कार्डाने, कशानेही लगेच काढावा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. दंशाच्या वेळी पिकलेल्या केळ्यासारखा गंध सुटतो आणि तो इतर माश्यांना तेथेच बोलावतो, तेव्हा शांतपणे बाजूला होऊन त्या जागी धूर द्यावा. दंशाच्या जागी सूज, लाली आणि खाज येणे स्वाभाविक आहे. मात्र अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर ती आणीबाणी असते: ज्याच्यासाठी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लिहून दिलेले आहे त्याला ते त्वरित द्यावे आणि त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवावी. तातडीचा दूरध्वनी क्रमांक आणि गच्चीपर्यंतची वाट पेटीजवळच्या भिंतीवर लिहिलेली असावी.

आजारांत युरोपीय माशीचा मोठा शत्रू म्हणजे व्हरोआ कोळी. तो मूळचा सातेरी माशीवरचा. तिने त्याच्याशी जुळवून घेतले आहे, युरोपीय माशीला ते फारसे जमलेले नाही. तपासणीसाठी राणी नसलेल्या फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात, पिठीसाखर टाकून हलक्या हाताने घोळवाव्यात आणि साखर पांढऱ्या कागदावर चाळावी. तांबूस, चपटे, टाचणीच्या माथ्याएवढे कोळी मोजता येतात; साखर लागलेल्या माश्या परत पेटीत सोडता येतात. शंभर माश्यांमागे तीन कोळी म्हणजे उपचाराची वेळ आली, असे सामान्यतः धरले जाते.

बंद घरांची झाकणे खचलेली, भोके पडलेली आणि तेलकट दिसली तर काडी आत घालून बाहेर ओढावी. तपकिरी तार निघाली तर अमेरिकन फाउलब्रूड या जिवाणूजन्य रोगाची शंका घ्यावी, पेटी बंद करावी, साधने कोठेही नेऊ नयेत आणि अधिकृत तपासनीसाला कळवावे. या रोगाचे बीजाणू दशकानुदशके टिकतात. दुसऱ्याने दिलेली जुनी पोळी वापरणे आणि कोठला तरी मध माश्यांना चारणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळेच वर्ज्य आहेत.

टंचाईत अन्न द्यावे लागले तर साखरेचा पाक द्यावा: वाढीला चालना देण्यासाठी साखर आणि पाणी वजनाने समसमान, साठ्यासाठी दोनास एक. तो पेटीच्या आत, संध्याकाळी, एक थेंबही न सांडता द्यावा. सांडलेल्या पाकावरून शेजारच्या वसाहती लूट सुरू करतात आणि मग गच्चीवर खरोखरच जाण्यासारखी परिस्थिती राहत नाही. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

नववी पायरी: मध

पहिल्या वर्षी मध मिळाला नाही तर ते अपयश समजू नये. मिळाला तर ज्या फ्रेमची बहुतांश घरे मेणाने बंद झाली आहेत त्याच काढाव्यात. उघड्या घरांतील मधात पाणी अधिक असते आणि पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले की मध आंबण्याचा धोका वाढतो. पिल्लांच्या कप्प्यातील मध माश्यांचा. त्याला हात लावू नये. मध काढण्याचे काम बंद खोलीत करावे, आणि ती सामायिक स्वयंपाकघराची खोली असेल तर खिडक्या घट्ट लावून, दुसऱ्या दिवशी फरशी दोनदा पुसून. बाटलीवर एक सूचना अवश्य असावी: एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील बीजाणूंमुळे त्याला बोटुलिझम होऊ शकतो.

दहावी पायरी: हस्तांतर

जाणाऱ्यांनी खोली सोडण्याच्या दोन महिने आधीपासून नव्यांच्या हातात फ्रेम द्यावी आणि स्वतः वही धरावी. निदान सहा पाहण्या नव्यांनी केल्या, त्यांतील शेवटच्या दोन जुन्यांनी नुसत्या उभे राहून पाहिल्या, म्हणजे हस्तांतर झाले असे समजावे. परवानगीच्या पत्रावरील नावे त्याच आठवड्यात बदलून घ्यावीत. वहीच्या शेवटच्या पानावर राणीचे वय, मागील विभाजनाची तारीख, कोळ्यांच्या शेवटच्या मोजणीचा आकडा, सल्ला देणाऱ्या मधपाळाचा संपर्क, सुट्टीतील प्रत्येक आठवड्यापुढे एक नाव आणि रिकामी पेटी कोठे ठेवली आहे, एवढे लिहावे. गच्चीच्या किल्ल्या दोन असतात. त्यांतील एक पहारेकऱ्याकडे आणि दुसरी वहीच्या पुठ्ठ्याला बांधून ठेवावी.